अरबी समुद्रातील जांभळ्या पाठीचा माकूल

(जबलपूर येथे, बडा फुहारा भागातील श्रोत्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाची संहिता)

समुद्रकिनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर दूर वसलेल्या जबलपूरसारख्या नगरात खोल समुद्रातील एका माकुलाविषयी व्याख्यान व्हावे, याचे काहींना नवल वाटेल. नर्मदेच्या काठी राहणाऱ्या माणसाचा समुद्राशी संबंध तो काय, असा प्रश्नही कोणी विचारील. परंतु हा संबंध वाटतो तितका दूरचा नाही. ग्वारीघाटावरून वाहत जाणारे पाणी अखेरीस भडोचजवळ खंबातच्या आखातात, म्हणजे अरबी समुद्रातच विसावते. त्याहूनही निकटचा संबंध वाऱ्याचा आहे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांची एक शाखा अरबी समुद्र ओलांडून नर्मदा व तापी यांच्या खोऱ्यांतून मध्य भारतात शिरते आणि या प्रदेशाला पाऊस देते. हाच वारा समुद्रावरून जाताना त्याचे पाणी ढवळतो, आणि त्या ढवळण्यातून जी सुपीकता निर्माण होते तिच्यावर या माकुलाचे सारे जीवन उभे आहे. शेतकऱ्याचे पीक आणि समुद्रातील हा प्राणी, दोघेही एकाच ऋतूवर पोसले जातात.

माकूल हा मासा नव्हे. कोकणच्या किनाऱ्यावर त्याला माकूल किंवा म्हाकूल म्हणतात आणि बाजारात तो माशांबरोबरच विकला जातो. तथापि प्राणिशास्त्राच्या दृष्टीने तो शंखशिंपल्यांचा भाऊबंद आहे. मृदुकाय प्राण्यांच्या संघात शीर्षपाद नावाचा एक वर्ग आहे. या वर्गातील प्राण्यांचे बाहू थेट डोक्यालाच जोडलेले असतात, म्हणून हे नाव पडले. अष्टपाद, कवडीमाकूल, माकूल आणि शंखधारी नॉटिलस हे या वर्गाचे आजचे प्रतिनिधी होत.

या वर्गाचा वंश फार प्राचीन आहे आणि त्याच्या खुणा नर्मदेच्या खोऱ्यातही सापडतात. जबलपूरच्या आसपासचे लामेटा खडक हे जमिनीवर साचलेल्या गाळाचे आहेत. १८२८ मध्ये विल्यम स्लीमन यांना येथेच प्रचंड सरड्यांची हाडे मिळाली, हे सर्वश्रुत आहे. परंतु याच खोऱ्यात पश्चिमेकडे, धार जिल्ह्यातील बाघच्या परिसरात, त्या काळातील उथळ समुद्राचे थर आढळतात. क्रिटेशस कल्पात समुद्राचा एक फाटा खोऱ्यात आत शिरला होता आणि त्याच्याबरोबर अमोनाइट नावाचे शंखधारी शीर्षपादही आले होते. जी. डब्ल्यू. चिपळूणकर यांनी या थरांतील जीवाश्मांचा, त्यात अमोनाइटांचाही, अभ्यास केला आहे. अमोनाइट पुढे समूळ नष्ट झाले. माकुलांच्या पूर्वजांनी मात्र बाहेरचे जड कवच टाकून दिले होते. त्या कवचाचा अवशेष म्हणून माकुलाच्या पाठीत आजही एक पातळ, पारदर्शक, लेखणीच्या पात्यासारखी पट्टी असते.

मुंबईच्या ससून डॉकवर किंवा रत्नागिरीच्या बंदरात टोपल्यांतून जो माकूल दिसतो, तो बहुधा किनाऱ्यालगतचा भारतीय माकूल असतो. तो उथळ पाण्यात राहतो आणि त्याची अंडी तळाला चिकटलेली असतात. त्याच्या डोळ्यांवर पातळ पारदर्शक पडदा असतो. आजच्या विवेचनाचा विषय असलेला माकूल निराळ्या गटातला आहे. त्याच्या डोळ्यांवर असा पडदा नसतो, त्यामुळे समुद्राचे पाणी सरळ डोळ्याच्या भिंगापर्यंत पोहोचते. किनाऱ्याचा आश्रय तो कधी घेत नाही आणि त्याच्या पायाखाली बहुधा शेकडो किंवा हजारो मीटर खोल पाणी असते. मुंबईसमोर सागरमग्न खंडभूमी सुमारे ३०० किलोमीटर रुंद आहे. ती ओलांडल्यावर या माकुलाचे राज्य सुरू होते. कोकणच्या सर्वसामान्य मच्छीमाराच्या जाळ्यात तो क्वचितच येतो, याचे कारण हेच.

शास्त्रज्ञ त्याला स्थेनोट्यूथिस उवालानिएन्सिस या नावाने ओळखतात. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ रने लेसाँ यांनी १८३० मध्ये त्याचे वर्णन केले. १८२२ ते १८२५ या काळात ‘ला कोकिय’ नावाच्या जहाजाने जी पृथ्वीप्रदक्षिणा केली, तीत लेसाँ सहभागी होते. प्रशांत महासागरातील कॅरोलाइन द्वीपसमूहात उवालान नावाचे बेट आहे. आज ते कोसराए म्हणून ओळखले जाते. त्या बेटावरून या जातीला नाव मिळाले. नावाचा पहिला भाग ग्रीक असून त्यात ‘बळ’ आणि ‘माकूल’ अशा दोन शब्दांचा योग आहे. इंग्रजी बोलणारे लोक त्याला जांभळ्या पाठीचा उडता माकूल म्हणतात. जपानी भाषेतील त्याच्या नावाचाही अर्थ ‘उडता माकूल’ असाच होतो.

प्रथम त्याच्या शरीराची रचना पाहणे योग्य होईल. माकुलाचे धड म्हणजे स्नायूंची एक जाड पिशवी. तिला प्रावार म्हणतात. प्रावाराच्या मागच्या टोकाला दोन रुंद पर असतात आणि दोन्ही मिळून त्यांचा आकार पतंगासारखा दिसतो. पुढे मोठे डोके, दोन मोठे डोळे, आठ बाहू आणि दोन लांब संस्पर्शक असतात. बाहूंवर व संस्पर्शकांच्या टोकांवर चूषकांच्या रांगा असून प्रत्येक चूषकाच्या कडेला दातेरी कंकण असते. बाहूंच्या मध्यभागी मुख असते आणि त्यात पोपटाच्या चोचीसारखी बळकट चोच असते. भक्ष्य दिसताच संस्पर्शक एकाएकी पुढे झेपावतात, त्याला पकडतात आणि बाहूंच्या हवाली करतात. पुढचे काम चोच करते.

माकुलाला तीन हृदये असतात. दोन हृदये दोन कल्ल्यांकडे रक्त ढकलतात आणि तिसरे ते सर्व शरीरात फिरवते. माणसाच्या रक्तात प्राणवायू वाहून नेण्याचे काम लोह असलेले द्रव्य करते. माकुलाच्या रक्तात हे काम तांबे असलेले द्रव्य करते, म्हणून प्राणवायूने युक्त असलेले त्याचे रक्त निळसर दिसते. त्याचा मेंदू अन्ननलिकेभोवती कड्यासारखा वसलेला असतो. माकूल फार मोठे भक्ष्य गिळीत नाही, त्याचे लहान लहान तुकडे करूनच खातो. घशातून जाणारा घास मेंदूच्या मधून जात असल्याने त्याला दुसरा उपायही नसतो.

माकुलांच्या मज्जातंतूंनी मानवी वैद्यकालाही मोठे ऋणी करून ठेवले आहे. जे. झेड. यंग या इंग्रज शास्त्रज्ञांनी १९३६ मध्ये माकुलाच्या प्रावाराकडे जाणाऱ्या अतिशय जाड मज्जातंतूंकडे लक्ष वेधले. त्यांची जाडी एवढी असते की त्यांच्या आत सूक्ष्म विद्युत्अग्र घालता येते. अॅलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी अशा तंतूंवर प्रयोग करून मज्जातंतूतील संदेश कसा वाहतो याचा उलगडा केला. १९६३ च्या नोबेल पारितोषिकाचे ते दोघे मानकरी होते. हे प्रयोग किनाऱ्यालगतच्या माकुलांवर झाले होते. पण जाड मज्जातंतूंची ही देणगी सर्वच माकुलांना लाभलेली आहे, आणि तिचा उपयोग काय हे त्यांची गती पाहिल्यावर कळते.

बडा फुहारा या नावातच कारंजे आहे. कारंज्यात पाणी दाबाखाली अरुंद तोंडातून बाहेर पडते आणि म्हणून उंच उसळते. माकूल याच तत्त्वाचा उपयोग प्रवासासाठी करतो. प्रावाराच्या कडेने पाणी आत घेतले जाते, कडा घट्ट बसतात, स्नायू जोराने आकुंचन पावतात आणि आतले पाणी डोक्याखालच्या नरसाळ्यासारख्या नळीतून वेगाने बाहेर फेकले जाते. पाणी एका दिशेला गेले की माकूल उलट दिशेला ढकलला जातो. नळीचे तोंड वळवता येत असल्याने त्याला दिशाही बदलता येते. प्रावाराचे सर्व स्नायू एकाच क्षणी आकुंचन पावले तरच हा झटका प्रभावी होतो. जाड तंतूंतून संदेश अधिक वेगाने जातो, म्हणून नळीपासून दूर असलेल्या स्नायूंनाही तो वेळेवर मिळतो.

हा वेग कधी कधी माकुलाला पाण्याबाहेर नेतो. कुपा किंवा डॉल्फिन पाठीस लागले की माकुलांचा थवाच्या थवा पाण्यातून उसळतो, पर आणि बाहू पसरून हवेत तरंगतो व काही अंतरावर पुन्हा पाण्यात शिरतो. जहाजांच्या फळ्यांवर सकाळी माकूल पडलेले आढळणे खलाशांना नवे नाही. जपानी संशोधकांनी या कुळातील लहान माकुलांच्या अशा उड्डाणाची छायाचित्रे घेऊन २०१३ मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सेकंदाला सुमारे ११ मीटर या वेगाने हे माकूल सुमारे ३० मीटर अंतर हवेतून कापून गेले, असे त्यांना दिसून आले. हवेत असतानाही ते नळीतून पाणी फेकीत होते आणि आपले शरीर तोलून धरीत होते. ‘उडता’ हे विशेषण त्यांना शोभते, ते यामुळे.

त्याच्या पाठीचा जांभळा रंग स्थिर नसतो. त्वचेत रंगद्रव्याने भरलेल्या असंख्य सूक्ष्म पिशव्या असतात. त्यांच्याभोवतीचे स्नायू ताणले की पिशवी पसरते आणि रंग गडद होतो. स्नायू सैल पडले की पिशवी आकसते आणि त्वचा फिकट दिसते. हे सर्व क्षणार्धात घडते. या जातीच्या प्रौढ माकुलाच्या पाठीवर, डोक्याच्या नजीक, त्वचेखाली एक लंबवर्तुळाकार पट्टा असतो. तो बारीक प्रकाशदायी कणांचा बनलेला असून अंधारात निळसर प्रकाशाने चमकून उठतो. हा प्रकाश एका विशिष्ट प्रथिनापासून निर्माण होतो. फ्रेडरिक त्सुजी व लाइझमन यांनी १९८१ मध्ये या प्रकाशनिर्मितीविषयी महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला. या प्रथिनाला पुढे ‘सिम्प्लेक्टिन’ हे नाव मिळाले, कारण त्या काळी ही जात सिम्प्लेक्टोट्यूथिस या प्रजातीत गणली जात असे. शास्त्रीय नाव बदलले तरी जुने नाव अशा रीतीने रसायनशास्त्रात टिकून राहिले आहे.

आता या जातीचा विस्तार पाहू. हिंदी महासागर आणि प्रशांत महासागर यांच्या उष्ण व उपोष्ण पाण्यात, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत, ती पसरलेली आहे. अटलांटिक महासागरात ती नाही. तेथे तिची जागा नारिंगी पाठीच्या एका जवळच्या नातलगाने घेतली आहे. एवढ्या विस्तीर्ण प्रदेशात सर्वत्र माकूल सारखे असतील ही अपेक्षाच चूक ठरेल. अभ्यासकांनी त्यांची निरनिराळी रूपे ओळखली आहेत. विषुववृत्ताच्या आसपास एक खुजे रूप आढळते. त्याचे धड दहा-बारा सेंटिमीटरांचे झाले की ते प्रौढ होते, आणि त्याच्या पाठीवर प्रकाशाचा पट्टा नसतो. दुसरे मध्यम रूप बहुतेक सर्व प्रदेशात आढळते. तिसरे रूप महाकाय आहे. त्याचे धड ६५ सेंटिमीटरांपर्यंत वाढते. हे महाकाय रूप मुख्यतः अरबी समुद्र आणि एडनचे आखात यांतच सापडते.

ही रूपे म्हणजे एकाच जातीचे प्रकार आहेत की त्यांतील काही स्वतंत्र जाती मानाव्या, याविषयी अद्याप चर्चा चालू आहे. आनुवंशिक द्रव्याच्या तुलनेवरून खुजे रूप इतरांपासून बरेच वेगळे असल्याचे दिसून आले आहे. महाकाय रूपाच्या बाबतीत मात्र काही अभ्यासकांचा कल निराळा आहे. अन्नाची विपुलता लाभली म्हणून मध्यम रूपाचीच अधिक वाढ झाली असावी, असे ते मानतात. हा वाद केवळ नावापुरता नाही. मासेमारीचे नियम करावयाचे असतील तर प्रथम कोणत्या प्राण्याची गणना होत आहे हे निश्चित व्हावे लागते.

महाकाय रूप अरबी समुद्रातच का वाढावे? याचे उत्तर मोसमी वाऱ्यात आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळून अरबी समुद्रावर एक प्रबळ वायुप्रवाह वाहतो. इंग्रज हवामानशास्त्रज्ञ जॉन फिंडलेटर यांनी १९६० च्या दशकात त्याचे स्वरूप स्पष्ट केले, म्हणून तो त्यांच्या नावाने ओळखला जातो. हा वारा सोमालिया आणि ओमान यांच्या किनाऱ्यांजवळचे वरचे उबदार पाणी दूर लोटतो. त्याच्या जागी खालचे थंड पाणी वर येते आणि नत्र व स्फुरद यांची संयुगे सूर्यप्रकाशात आणून सोडते. शेतात खत पडावे तसा परिणाम होतो. सूक्ष्म वनस्पतिप्लवक फोफावतात, त्यांवर प्राणिप्लवक, त्यांवर लहान मासे आणि त्या माशांवर माकूल पोसले जातात.

परंतु या समृद्धीला दुसरी बाजू आहे. वर वाढलेले अगणित जीव मरून खाली जातात आणि कुजू लागतात. कुजण्यात पाण्यातील प्राणवायू खर्च होतो. उत्तरेला जमिनीने बंद झालेल्या या समुद्रात खोल पाण्याला नवा प्राणवायू मिळण्याचा वेग मंद असतो. यामुळे सुमारे १५० मीटरांपासून १,००० मीटरांहून अधिक खोलीपर्यंत प्राणवायूने अत्यंत दरिद्री असलेल्या पाण्याचा एक जाड थर अरबी समुद्रात पसरलेला आहे. १९३३-३४ मध्ये ‘मबाहिस’ या इजिप्शियन जहाजावरून जॉन मरे मोहीम निघाली होती. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे माजी संचालक सेमूर सेवेल हे तिचे नेते होते. या मोहिमेने या थराची पाहणी केली. पुढे आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेच्या काळात बराच अभ्यास झाला आणि त्या मोहिमेतूनच १९६६ मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची स्थापना झाली. गोव्यातील दोना पावला येथील ही संस्था आजही या थराचे निरीक्षण करीत आहे.

याच थरात हा माकूल दिवस घालवतो, हे विशेष होय. सूर्य उगवण्याच्या सुमारास तो काही शे मीटर खोल उतरतो आणि संध्याकाळी पुन्हा पृष्ठभागाकडे येतो. एवढ्या चपळ प्राण्याला एवढ्या कमी प्राणवायूत जगणे कसे साधते? त्याच्या जवळच्या नातलगावर, म्हणजे पूर्व प्रशांत महासागरातील हम्बोल्ट माकुलावर, जे प्रयोग झाले त्यांवरून असे दिसते की खोल पाण्यात हा प्राणी आपला शारीरिक व्यवहार एकदम मंद करतो. भट्टी विझू न देता निखारे राखेखाली झाकून ठेवावेत, तसा हा प्रकार आहे. जे शत्रू अशी काटकसर करू शकत नाहीत, त्यांना तेथवर पाठलाग करणे अवघड जाते. प्राणवायूचा अभाव अशा रीतीने त्याची तटबंदी बनतो.

या रोजच्या चढउताराचा प्रथम सुगावा लागला तो ध्वनीमुळे. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्यांचा शोध घेताना ध्वनिलहरी समुद्राच्या तळाऐवजी मध्येच कुठेतरी परावर्तित होऊन येत आणि हा खोटा तळ रात्री वर सरकत असे. तो तळ म्हणजे असंख्य लहान प्राण्यांचा थर होता, हे पुढे सिद्ध झाले. भारताचे ‘सागर संपदा’ हे संशोधन जहाज १९८४ मध्ये कार्यरत झाले आणि त्याच्या साहाय्याने भारतीय समुद्रांतील या थरांचा अभ्यास झाला. अरबी समुद्रात या थराचा मोठा भाग दीपमीनांचा असतो. हे बोटभर लांबीचे मासे अंगावर प्रकाशबिंदू घेऊन वावरतात. १९७० च्या दशकात नॉर्वेच्या ‘डॉक्टर फ्रिट्यॉफ नान्सेन’ या जहाजाने केलेल्या पाहणीवरून अरबी समुद्राच्या पश्चिम व उत्तर भागांत त्यांचे वजन सुमारे १० कोटी टन असावे, असा अंदाज बांधण्यात आला होता. माकूल या दीपमीनांच्या मागोमाग वर येतो आणि रात्रभर त्यांची शिकार करतो.

दीपमीन पुरेनासे झाले की माकूल माकुलाला खातो. मोठ्याने लहानाला खाणे हा या जातीत अपवाद नसून नित्याचा क्रम आहे. म्हणून थव्यात बहुधा सारख्या आकाराचेच माकूल एकत्र दिसतात. त्याला खाणारेही पुष्कळ आहेत. कुपा, तलवार मासा, डॉल्फिन, स्पर्म जातीचा देवमासा आणि समुद्रपक्षी, या सर्वांच्या आहारात त्याचा वाटा असतो. खालच्या सूक्ष्म जीवनाची शक्ती वरच्या मोठ्या प्राण्यांपर्यंत पोहोचविणारा तो दुवा आहे. दुवा तुटला तर दोन्ही बाजूंना परिणाम जाणवतो.

एवढे सारे करून त्याला आयुष्य मिळते ते सुमारे एका वर्षाचे. माकुलाच्या डोक्यात तोल सांभाळणारे दोन अतिसूक्ष्म खडे असतात. त्यांच्यावर दररोज एक वलय चढते. झाडाच्या खोडावरील वर्तुळांवरून त्याचे वय मोजावे, त्याप्रमाणे ही वलये सूक्ष्मदर्शकाखाली मोजून माकुलाचे वय दिवसांत सांगता येते. मादी नरापेक्षा मोठी होते. ती एकाच वेळी सर्व अंडी न घालता टप्प्याटप्प्याने घालते आणि त्यांची संख्या लक्षावधी असते. एकेक अंडे एक मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही लहान असते. या कुळातील माकुलांची अंडी पारदर्शक चिकट गोळ्यात तरंगत असतात. हम्बोल्ट माकुलाचा असा एक गोळा २००६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या आखातात पाणबुड्यांना दिसला, त्याचा व्यास दोन ते तीन मीटर होता. अंड्यातून निघालेल्या पिलाचे दोन संस्पर्शक एकमेकांना जोडलेले असून त्यांची एक सोंड झालेली असते. पिलू वाढू लागल्यावर ती सोंड उभी दुभंगते आणि माकुलाला त्याचे नेहमीचे रूप येते. लक्षावधींतून मूठभरच त्या अवस्थेपर्यंत पोहोचतात.

हा प्राणी केवळ जिज्ञासेचा विषय राहिलेला नाही. सोव्हिएत संघाच्या संशोधन जहाजांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदी महासागरात त्याचा विस्तृत अभ्यास केला. अलीकडच्या काळात, कोची येथील केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने मध्य अरबी समुद्रातील त्याच्या साठ्याचा अंदाज सुमारे २५ लाख टन असा वर्तविला. किनाऱ्यावरील मासळी कमी होत असताना एवढा साठा खोल समुद्रात आहे, हे ऐकून मच्छीमारांच्या आणि व्यापाऱ्यांच्या आशा पल्लवित होणे स्वाभाविक आहे. त्याचे मांस किनारी माकुलापेक्षा चिवट असले तरी ते खाण्याजोगे आहे, आणि ते मऊ करण्याच्या रीती शोधून काढता येतात.

त्याला पकडण्याची रीत साधी आहे. रात्री जहाजावर प्रखर दिवे लावतात. दिव्यांभोवती लहान मासे गोळा होतात आणि त्यांच्यामागे माकूल येतात. अनेक आकड्यांचे गळ दोरीला लावून वरखाली हलवले जातात. माकूल त्यांवर झडप घालतो आणि अडकतो. या रीतीत इतर प्राणी फारसे सापडत नाहीत, हा तिचा गुण. परंतु दिव्यांच्या मासेमारीचा प्रश्न आपल्या किनाऱ्यावर निराळ्या कारणाने चिघळला आहे. प्रखर दिवे लावून मोठ्या जाळ्यांनी किनारी मासळी ओढून नेल्याने लहान मच्छीमारांचे हाल होतात, अशा तक्रारी वाढल्या आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्र शासनाने देशाच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात अशा दिव्यांवर बंदी घातली. या बंदीचा हेतू योग्यच होता. परंतु खोल समुद्रातील माकूल दिव्याविना हाती लागणे कठीण. किनाऱ्यावरील अन्याय टाळावयाचा आणि खोल समुद्रातील संधीही सोडावयाची नाही, हे दोन्ही साधणारा नियम कसा असावा, याचा विचार कोकणातील मच्छीमारांना डावलून होऊ नये.

दुसरा प्रश्न देशाच्या सीमेपलीकडचा आहे. किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतचे पाणी संबंधित राष्ट्राच्या अधिकारात येते. त्यापलीकडचा समुद्र सर्वांचा, आणि म्हणून बऱ्याच अंशी कोणाचाच नाही. हिंदी महासागराच्या वायव्य भागातील खुल्या समुद्रात माकूल पकडणाऱ्या परदेशी जहाजांची संख्या २०१५ मध्ये ३० च्या घरात होती. २०१९ मध्ये ती तीनशेच्या जवळ पोहोचल्याचे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत दाखवून देण्यात आले. कुप्यासारख्या माशांसाठी राष्ट्रांची संयुक्त व्यवस्था आहे. या भागातील माकुलाची किती पकड व्हावी हे ठरविणारी तशी व्यवस्था त्या काळात नव्हती.

वर्षभरच जगणाऱ्या प्राण्याच्या बाबतीत ही उणीव अधिक घातक ठरते. दीर्घायुषी माशांच्या साठ्यात अनेक वयांचे मासे असतात. एक वर्ष वाईट गेले तरी मागच्या वर्षांची पिढी शिल्लक राहते. माकुलाच्या बाबतीत जुनी पिढी नसतेच. यंदा जे वाचतील त्यांचीच संतती पुढच्या वर्षी दिसेल. वायव्य अटलांटिक महासागरात अशाच एका अल्पायुषी माकुलाची पकड १९७९ मध्ये सुमारे १ लाख ८० हजार टनांपर्यंत गेली होती; त्यानंतर थोड्याच वर्षांत ती कोसळली. त्यात निसर्गाचा वाटा किती आणि माणसाचा किती, हे वेगळे काढणे सोपे नव्हते. म्हणूनच आरंभापासून मोजणी आणि संयम यांची गरज असते. एक बाजू अशीही आहे की वर्ष चांगले आले तर ही जात झपाट्याने सावरते. शेतकरी पुढच्या हंगामाचे बियाणे राखून ठेवतो. समुद्रातही प्रत्येक वर्षी पुरेसे माकूल अंडी घालण्यासाठी शिल्लक राहतील एवढे पाहिले, तर बाकीचे घेण्यास हरकत नाही.

समुद्र तापत आहे, त्याचाही विचार केला पाहिजे. उबदार पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि वरचे व खालचे पाणी एकमेकांत मिसळणे अधिक कठीण होते. प्राणवायूचा दुर्भिक्ष असलेला थर जाड झाला किंवा वर सरकला तर माकुलाची तटबंदी विस्तारेल असे प्रथमदर्शनी वाटेल. परंतु त्याला रात्री श्वास घेण्यासाठी आणि शिकारीसाठी जो वरचा पट्टा मोकळा हवा, तोही तेवढाच अरुंद होईल. तेथे तो आणि त्याचे शत्रू अधिक दाटीने एकत्र येतील, आणि माणसाचे दिवेही तेथेच असतील. दुष्काळात गावची सर्व गुरे एकाच पाणवठ्यावर यावीत, तशी ती अवस्था होईल.

श्रोतेहो, या प्राण्याचे शेत म्हणजे एक समुद्र, आयुष्य एका वर्षाचे आणि सारे पीक एका वाऱ्यावर अवलंबून. त्याच्यापासून अन्न मिळू शकेल, रोजगार मिळू शकेल. मात्र त्यासाठी त्याचा हिशेब दरवर्षी नव्याने मांडावा लागेल आणि त्या हिशेबात किनाऱ्यावरील लहान होडीवाल्यापासून दूरच्या राष्ट्रांच्या जहाजांपर्यंत सर्वांना बसवावे लागेल. आंतरराष्ट्रीय करार करण्याचे काम शासनांचे असले तरी त्यांमागचा आग्रह सुजाण लोकमतातून येतो, आणि असे लोकमत बंदरांतच घडले पाहिजे असा काही नियम नाही. जून महिन्यात पश्चिमेकडून ढग येऊ लागतील तेव्हा त्यांच्याखाली, किनाऱ्यापलीकडच्या खोल पाण्यात, माकुलांची एक नवी पिढी वाढत असेल. तिला पुढच्या वर्षी संतती असावी की नसावी, याचा निर्णय बराचसा माणसांच्या हाती आला आहे. तो जाणतेपणाने व्हावा, एवढाच या विवेचनाचा हेतू आहे.